तिला काय झालंय, हे कोण सांगतंय?

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापिकांचा प्रश्न आहे. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा शिकवताना वर्गात दोन तट पडले. काही जण म्हणाले, नायिका मानसिक रुग्ण आहे, नवरा तिची काळजी घेतोय, यात अन्याय कुठे आला? बाकीचे म्हणाले, ती आजारी नाहीच. पुरुषी व्यवस्थेने तिला वेडी ठरवलं आणि शेवटी ती त्यातून सुटते. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मी ही कथा कशी वाचते, आणि अशा जुन्या कथा मुलांपुढे कशा ठेवाव्यात, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, ती आजारी आहे, आणि गंभीर आजारी आहे. तिच्यावर अन्यायही होतोय. यातलं एक खरं मानलं की दुसरं खोटं ठरतं, असं तुमच्या दोन्ही गटांनी गृहीत धरलंय. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या बाबतीत हीच समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. आजार खरा मानला की घरच्यांना वाटतं, आपली सुटका झाली, आता गोळ्या काय ते बघतील. अन्याय खरा मानला की भलं चिंतणाऱ्या मैत्रिणींना वाटतं, हिला गोळ्यांची काय गरज, हिला फक्त त्या घरातून बाहेर काढा. दोन्हीकडून बाईचे महिने वाया जातात.

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८९२ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये ती छापली गेली. नुकतीच आई झालेली एक स्त्री, तिचा नवरा जॉन डॉक्टर, भाऊही डॉक्टर. दोघांचं निदान एकच: तात्पुरतं ‘नर्व्हस डिप्रेशन’, थोडीशी हिस्टेरियाची प्रवृत्ती. उपाय म्हणून उन्हाळ्यापुरतं एक मोठं जुनं घर भाड्याने घेतलंय आणि तिला वरच्या मजल्यावरच्या, पूर्वी मुलांसाठी वापरल्या गेलेल्या खोलीत ठेवलंय. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला आहे, भिंतीवर पिवळा, किळसवाणा, जागोजागी फाटलेला कागद आहे. लिहायला बंदी आहे, म्हणून ती चोरून लिहिते, आणि ते चोरून लिहिलेलं म्हणजेच ही कथा. हळूहळू तिला कागदावरच्या नक्षीमागे कुणीतरी बाई दिसू लागते. ती बाई रांगते, नक्षीचे गज हलवते. शेवटी नायिका कागद फाडून काढते, स्वतःच खोलीभर रांगू लागते, आणि दार उघडून आत आलेला नवरा ते पाहून बेशुद्ध पडतो. ती त्याच्या अंगावरून रांगत राहते.

या कथेमागे लेखिकेचं आयुष्य आहे, आणि माझ्या मते वर्गातला वाद त्यानेच सुटू शकतो. गिलमन यांचं लग्न १८८४ मध्ये झालं, मुलगी १८८५ मध्ये. बाळंतपणानंतर त्यांना खोल नैराश्याने घेरलं. १८८७ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या सायलस वीअर मिचेल या नामांकित डॉक्टरांकडे गेल्या. मिचेल यांची ‘विश्रांती चिकित्सा’ तेव्हा जगभर गाजत होती: आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहणं, भरपूर दूध आणि खाणं, मालीश, विजेचे सौम्य झटके, घरच्यांपासून दूर ठेवणं, वाचन-लेखन बंद. उपचार संपवून घरी पाठवताना त्यांनी काय सांगितलं, ते गिलमन यांनी लिहून ठेवलंय. शक्य तितकं घरगुती आयुष्य जगा, मूल सतत जवळ ठेवा, प्रत्येक जेवणानंतर तासभर पडा, डोक्याचं काम दिवसातून दोन तासच करा, आणि जिवंत असेपर्यंत पेन, ब्रश किंवा पेन्सिल हातात धरू नका. त्यांनी हा सल्ला तीनएक महिने पाळला आणि त्या पार कोसळण्याच्या काठावर आल्या. मग सल्ला झुगारून त्या कामाला लागल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, कॅलिफोर्नियात गेल्या, आणि तिथे १८९० मध्ये ही कथा लिहिली.

इथपर्यंतचा भाग अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत असतो. पुढचा भाग मुलांना सहसा सांगितला जात नाही. घर सोडल्यावर गिलमन पुष्कळ सावरल्या. लेखिका आणि वक्त्या म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. पण नैराश्याचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले, आणि आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेलं नाही. दडपण दूर झाल्याने माणूस उभं राहिलं, तरी आजार पूर्ण गेला नाही. ‘ती आजारी नाहीच’ म्हणणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्यांना लेखिकेचं हे आयुष्य नक्की सांगा. ज्या बाईला हे दुखणं आतून माहीत होतं, तिच्या दुखण्याला आपण नुसतं प्रतीक करून टाकू नये.

आता पहिल्या गटाला काय सांगायचं? त्यांच्यासाठी मिचेल यांच्याच दवाखान्यातली दुसरी हकिगत आहे. गिलमन यांच्या दोन वर्षं आधी, १८८५ मध्ये, ओवेन विस्टर नावाचा तरुण असाच मानसिक थकवा घेऊन मिचेल यांच्याकडे आला होता. त्याला त्यांनी अंथरुणात झोपवलं नाही, दूर पश्चिमेला वायोमिंगच्या कुरणांत पाठवलं: घोड्यावर बस, शिकार कर, मोकळ्या हवेत राहा. तिथे विस्टरने रोजनिशी ठेवली, आणि पुढे त्यातूनच तो काउबॉयच्या गोष्टी लिहिणारा प्रसिद्ध कादंबरीकार झाला. डॉक्टर तेच होते आणि तक्रारही साधारण तीच होती. पुरुषाला घोडा आणि डायरी मिळाली; बाईला पलंग आणि दूध मिळालं, आणि पेन काढून घेतलं गेलं. मिचेल दुष्ट नव्हते. हात तुटलेल्या सैनिकांना नसलेल्या हातात वेदना होतात, याचा अभ्यास त्यांनी मनापासून केला होता. आपला उपचार बायकांसाठी चांगला आहे यावर त्यांचा विश्वास होता, आणि माझ्या व्यवसायातल्या माणसाला अस्वस्थ करायला तेवढं पुरेसं आहे. दुष्ट माणूस ओळखता येतो. प्रेमळ, हुशार, नावाजलेला माणूस बाईच्या तोंडचं वाक्य काढून घेतो तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

कथेतला जॉन असाच आहे. तो ओरडत नाही, मारत नाही. तिला उचलून वर नेतो, पलंगावर ठेवतो, वाचून दाखवतो, लहान मुलीला हाक मारावी तशी हाक मारतो. तिने ‘मला बरं वाटत नाहीये’ म्हटलं की तो सांगतो, तू सुधारते आहेस, मी डॉक्टर आहे, मला कळतं.

माझ्या ओपीडीत बाई क्वचितच एकटी येते. खुर्चीवर ती बसते आणि बोलतो सोबतचा. ‘हिला झोप नाही, स्वयंपाकात लक्ष नाही, पोरावर हात उचलते.’ आणि मग बहुतेक वेळा हे वाक्य येतं: ‘घरात सगळं आहे हो डॉक्टर, हिला कमी काय आहे?’ गंगापूर रोडच्या फ्लॅटमधून आलेला नवरा हे म्हणतो. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची आई सुनेबद्दल हेच म्हणते. सातपूरच्या कामगार वस्तीतला भाऊ, ज्याच्या घरात खरोखरच पुष्कळ काही कमी आहे, तोही हेच म्हणतो. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या हिशोबात घर, जेवण, गॅस, पोरांच्या फिया, सणाला साडी हे सगळं असतं. बाईला विचारलं तर तिच्याकडे या हिशोबाला उत्तर नसतं. मग ती शरीराबद्दल बोलते: डोक्यात मुंग्या येतात, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, मधूनच दातखीळ बसते. जॉनच्या बायकोचंही तेच होतं. नवरा इतका चांगला आहे, मग मला असं का वाटतं, हा प्रश्न ती स्वतःलाच विचारत राहते. दुःखाला जागा नाकारली गेली की ते कागदाच्या नक्षीत जाऊन बसतं.

नक्षीमागच्या बाईबद्दल थोडं अधिक बोलते, कारण विद्यार्थ्यांना तो भाग फक्त भीतीदायक वाटतो. नायिका ‘मी कोंडलेली आहे’ असं जवळजवळ कधीच लिहीत नाही. कोंडलेली असते ती नक्षीमागची बाई. स्वतःबद्दल जे बोलता येत नाही ते ‘तिच्या’बद्दल बोलता येतं. आपल्याकडे चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आलेल्या, अंगात येणाऱ्या कितीतरी बायका नंतर कधीतरी माझ्यापर्यंत पोहोचतात. ज्या सुनेला एरवी जेवणाच्या ताटावर बोलायची मुभा नसते, तिच्या अंगात आलं की सासरे हात जोडून उभे राहतात आणि ती काय म्हणते ते ऐकतात. शब्द देवीचे असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुणी तिला जाब विचारत नाही. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी असते असं मी मुळीच म्हणत नाही, आणि कुणाच्या श्रद्धेची चेष्टा करणं मला पटत नाही. पण जिथे हे दुखणं होऊन बसतं, तिथे आम्ही त्याला डिसोसिएशन, म्हणजे माणसाचं स्वतःच्या जाणिवेपासून तुटणं, म्हणतो, आणि त्यावरच्या उपचाराचा मोठा भाग म्हणजे त्या बाईला स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने बोलता येईल अशी एखादी जागा घरात तयार करणं. कथेतल्या नायिकेला ती जागा मिळत नाही. तिचं चोरून लिहिणं ही तशी जागा होती, पण त्यासाठी लागणारं लपवाछपवीचं ओझंच तिला थकवतं. हे ती स्वतः लिहिते, आणि ते अगदी अचूक आहे.

वैद्यकीय दृष्टीने या कथेत मला सर्वांत खरी वाटते ती झोप. नायिका रात्री जागी असते आणि दिवसा झोपते. कागदातल्या हालचाली रात्री, चंद्रप्रकाशात सुरू होतात. बाळंतपणानंतरच्या मनोविकारात झोप उडणं हे नुसतं लक्षण नसतं. ते आगीत तेल ओततं. प्रसूतीनंतर भ्रम-भास होण्याचा तीव्र आजार दर हजार बाळंतपणांत एखाद-दुसऱ्या बाईला होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य मात्र कितीतरी सर्रास आढळतं. भारतातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी करणारा निबंध २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या बायका त्याला बाळंतवात म्हणतात, ‘अंगावरचं दूध आटलं म्हणून’ म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात. सव्वा महिन्यात डिंकाचे लाडू, शेक-धुरी, कानाला रुमाल हे सगळं नीट होतं. बाळंतीण रात्री बाळ झोपल्यावरही टक्क जागी असते, हे कुणी पाहिलेलं नसतं.

कथेत बाळाचं वय दिलेलं नाही. त्यामुळे नेमकं कोणतं निदान लावायचं यावर वर्गाचा तास घालवू नका. बाळ कथेत किती कमी वेळा येतं, ते मात्र मोजायला लावा. अगदी मोजके उल्लेख आहेत, आणि त्यांतल्या एकात ती म्हणते की त्याच्याजवळ राहवत नाही, फार अस्वस्थ व्हायला होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आईच्या तोंडी हे वाक्य लिहायला धैर्य लागलं असणार. आजही माझ्या खोलीत हे वाक्य बाईच्या तोंडून फुटायला दोन-तीन भेटी जाव्या लागतात, तेही सासू-नवरा बाहेर बसल्यावर.

झोपेवरून एक दुसरी कथा जोडीला घ्या. रशियन लेखक चेखॉव्ह स्वतः डॉक्टर होता. त्याने १८८८ मध्ये एक छोटी कथा लिहिली, तिचं शीर्षक इंग्रजीत साधारण ‘स्लीपी’ असं करतात. तेरा वर्षांची वार्का एका चांभाराच्या घरी राबते. दिवसभर घरकाम आणि रात्रभर रडणाऱ्या बाळाचा पाळणा हलवणं. ती झोपली की मार बसतो. देव्हाऱ्यातल्या दिव्याचा हिरवा डाग छतावर पडलेला असतो, वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या हलतात, आणि त्यांतून तिला रस्ते दिसतात, मेलेला बाप दिसतो. जागेपणी झोप मेंदूत घुसते तेव्हा काय होतं, याचं इतकं नेमकं वर्णन मी वैद्यकीय पुस्तकातही वाचलेलं नाही. शेवटी तिला आपला शत्रू सापडतो. तो म्हणजे पाळण्यातलं बाळ. ती त्याचा गळा दाबते आणि समाधानाने झोपी जाते. वार्काला खोली नाही, दूध नाही, डॉक्टर नाही. गिलमनच्या नायिकेवर विश्रांती लादलेली आहे आणि वार्काला विश्रांतीच नाही. दोघींच्याही झोपेवर हक्क दुसऱ्याचाच आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मला या कथांत निदानापेक्षा निदान कोण करतं, ते महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन लेखिका केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ (१८९४) तर जेमतेम तीन पानांची आहे. हृदयविकार असलेल्या मिसेस मॅलर्डला रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी जपून सांगितली जाते. ती रडते, मग खोलीत एकटी बसते, आणि पुढची सगळी वर्षं आपली आहेत हे तिच्या ध्यानात येऊ लागतं. नवरा वाईट नव्हता, हे ती आवर्जून मान्य करते. तासाभराने नवरा धडधाकट दारात उभा राहतो, आणि ती मरते. डॉक्टर येतात आणि सांगतात, आनंदाचा धक्का सहन झाला नाही. कथेचा शेवट त्या निदानावर होतो. ते चुकीचं आहे हे फक्त वाचकाला ठाऊक असतं, कारण त्या तासाभरात वाचक तिच्यासोबत खोलीत होता. मानसोपचार शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ही कथा पहिल्या वर्षी वाचावी असं मला मनापासून वाटतं. रुग्णाच्या खोलीत तो तासभर बसल्याशिवाय केसपेपरवर काही लिहिलं तर ते असंच निघतं.

आता बाजू उलटून पाहा. पुरुष आजारी असेल तेव्हा काय होतं? रवींद्रनाथ टागोरांच्या ‘स्त्रीर पत्र’, म्हणजे बायकोचं पत्र (१९१४), या कथेत एक पोरकी मुलगी आहे, बिंदू. तिचं लग्न लावून दिलं जातं, आणि मग कळतं की नवरा वेडा आहे. ती जीव घेऊन पळून येते. घरातले म्हणतात, वेडा असो, कसाही असो, नवरा तो नवराच. कुष्ठरोगी पतीला खांद्यावरून वेश्येच्या दारी पोहोचवणाऱ्या सतीचा दाखला तिला दिला जातो. बिंदूला परत पाठवतात. शेवटी ती कपड्यांना आग लावून घेते, आणि लोक म्हणतात, बायकांनी जाळून घेण्याची आता फॅशनच झाली आहे. जॉनच्या घरी बायको आजारी, तेव्हा तिला वेगळ्या खोलीत ठेवलं गेलं. बिंदूच्या घरी नवरा आजारी, तेव्हा त्याची खोली तिच्या वाट्याला आली.

याला नाशिकचाच एक पुरावा आहे, फक्त तो कथेतला नाही, आत्मचरित्रातला आहे. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच गोदाकाठच्या जलालपूरच्या. ‘स्मृतिचित्रे’च्या सुरुवातीलाच त्या सांगतात की १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुऊन घ्यायची, मीठसुद्धा. आज आम्ही त्याला ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, म्हणू. लक्ष्मीबाईंनी ते इतकं हसतखेळत लिहिलंय की वाचणारा पानं उलटत जातो. पण आई आणि मुली त्या वेडाच्या नियमांवर कशा जगत असतील, याचा विचार करा. त्या माणसाला कुणी कोंडलं नाही. अख्खं घर त्याच्या आजाराभोवती वाकलं. शाळा-महाविद्यालयांत ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी शिकवतो. ती सुरुवातीची पानं या विषयाच्या तासालाही वाचायला हवीत.

‘स्त्रीर पत्र’ची निवेदिका मृणाल पूर्ण शहाणी आहे, म्हणून ती कथा या जोडीत फार मोलाची आहे. तीही गिलमनच्या नायिकेसारखीच चोरून लिहीत असे, कविता. तिची मुलगी जन्मताच गेली. बाळंतिणीची खोली पाहून साहेब डॉक्टर चिडला होता, याची आठवण ती नवऱ्याला पत्रात करून देते. पंधरा वर्षांच्या संसारानंतर ती पुरीहून लिहिते की मी आता परत येणार नाही, मी जगणार आहे. गिलमनची नायिका भिंतीवरचा कागद फाडते. मृणाल कागदावर पत्र लिहून ते टपालात टाकते. वर्गातला जो गट कागद फाडण्याला मुक्ती म्हणतो, त्याला हे पत्र वाचायला द्या, म्हणजे मुक्त झालेली बाई कशी बोलते ते ऐकू येईल.

या कथांतल्या इतर बायकांकडेही लक्ष द्या. जॉनची बहीण जेनी घर चोख सांभाळते आणि लिहिण्यानेच ही आजारी पडली असं मानते. बिंदूची सख्खी थोरली बहीण, म्हणजे मृणालची मोठी जाऊ, नवऱ्याच्या धाकाने बहिणीला मोलकरणीपेक्षा वाईट वागवते आणि एकटी असताना रडते. ‘बाईच बाईची शत्रू’ हे वाक्य वर्गात कुणीतरी म्हणणारच. तेव्हा विचारा, जेनीला त्या घरात राहायची जागा कुणामुळे आहे? मोठ्या जावेला कोण हाकलून देऊ शकतं? इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’मध्ये (१९४२) तर हा उतार आणखी खाली जातो. नवाबाने दुर्लक्षित केलेल्या बेगम जानला झोप लागत नाही, अंगाला कसलीशी खाज सुटते, वैद्य-हकीम हात टेकतात. तिच्याबद्दल आपल्याला कळवळा येतो. पण गोष्ट सांगणारी लहान मुलगी बेगमच्या हातांना घाबरते, आणि ती भीती खरी आहे. कोंडलेलं माणूस आपल्याहून लहान माणसाला इजा करू शकतं. वार्कानेही तेच केलं. कळवळ्यापोटी हा भाग झाकू नका.

मराठीत विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३) शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट मांडली आणि त्यावर मोठं वादळ उठलं, ग्रंथालयात प्रत सहज मिळेल, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. बाबुराव बागुलांचं नाव मात्र घ्यायलाच हवं. त्यांचा जन्म आपल्या विहितगावचा. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) वाचताना जाणवतं की ज्यांना कोंडायला बंगला नाही, वरचा मजला नाही, त्यांच्या छळाला आडोसाही नसतो. गिलमनची नायिका गोऱ्या, सुखवस्तू घरातली आहे. तिचं मूल दुसरी बाई सांभाळते. शिवाय गिलमन यांची वंशाबद्दलची मतं उघडपणे भेदभावाची होती. हे मुलांपासून लपवायचं कारण नाही. एका जागी अगदी स्पष्ट पाहणारी लेखिका दुसऱ्या जागी आंधळी असू शकते, हे त्यांना आत्ताच कळलेलं बरं.

शेवटच्या प्रसंगाबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. १९७३ मध्ये कथा पुन्हा छापली गेल्यापासून त्या रांगण्याला विजय म्हणणारी पुष्कळ समीक्षा झाली आहे. मला ते पटत नाही. तिने कमरेला दोर बांधलाय, पलंगाचा कोपरा दातांनी कुरतडलाय, खिडकीतून उडी मारण्याचा विचार तिच्या मनात येऊन गेलाय. ही अवस्था मी प्रत्यक्ष पाहते. तिच्यात सुटकेचा आनंद नसतो, प्रचंड दमणूक असते. त्या दिवशी तिला माझ्याकडे आणलं असतं तर मी तिला दाखल केलं असतं. आधी झोप आणली असती, औषधं सुरू केली असती, थायरॉइड आणि रक्त तपासलं असतं. जॉनला बाहेर बसवून स्वतःच्या आणि बाळाच्या जिवाबद्दल काय विचार येतात, ते तिला थेट विचारलं असतं. घरात कुणी हात उचलतं का, हेही विचारलं असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय. त्यामुळे हा प्रश्न वगळणं म्हणजे अर्धीच तपासणी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती रुग्ण स्वतः नेमू शकते. ती नवराच असली पाहिजे असं नाही. तीन वर्षांखालचं मूल असलेल्या आईला दाखल केलं तर बाळाला शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही, हेही त्यात आहे. धोका असेल तर तेवढ्यापुरतं दूर ठेवून देखरेखीखाली भेटवायचं. बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई-बाळासाठी वेगळा विभाग २००९ पासून आहे. आणि तिला लिहायला कागद-पेन दिलं असतं, कारण ते तिचं काम होतं.

वर्गासाठी मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींबरोबर जे करते, ते सांगते. कथेतली जॉनची तिच्याबद्दलची सगळी विधानं त्यांना एका पानावर उतरवायला लावते आणि त्यावरून जॉनच्या हातचा केसपेपर लिहायला सांगते. मग दुसऱ्या पानावर तिच्याच शब्दांत तिची तक्रार. दोन्ही पानं शेजारी ठेवली की वाद बहुतेक आपोआप शमतो. आजार दोन्ही पानांवर दिसतो. त्याचं कारण आणि त्यावरचा इलाज मात्र पार वेगळा दिसतो. तास कमी असतील तर शोपॅन आधी घ्या, मग गिलमन, मग मृणालचं पत्र.

अशा तासानंतर एखादी मुलगी मागे थांबते आणि हळूच म्हणते, आमच्या काकूला असं होतं. तिला साहित्याचं उत्तर देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. काकूला जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येईल. नवऱ्याने सोबत यायला नकार दिला तरी अडत नाही. सज्ञान बाईला ओपीडीत तपासून घ्यायला त्याची सही लागत नाही.